नोट द्या, काका!

आमच्या हिंगोलीतल्या एका हौशी संग्राहकाकडे सध्या प्रशांत महासागरातल्या न्युए बेटाचा पाहुणा उतरलाय. मखमली डबी, आत पारदर्शक कॅप्सूल, कॅप्सूलमध्ये दोन डॉलरचं चांदीचं नाणं आणि नाण्यावर 'स्टार वॉर्स'चा काळ्या मुखवट्यावाला. न्युएची वस्ती दोन हजारांच्या आत, रोजचा व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरवर. नाणी पाडायची परदेशी टांकसाळीनं, विकत घ्यायची जगानं, देशानं फक्त नाव द्यायचं आणि मानधन घ्यायचं. तुवालूनं २००९ मध्ये बार्बीचं नाणं काढलं. पलाऊनं २००७ मध्ये फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाची कुपीच नाण्यात बसवली. आमच्या औंढ्याच्या तीर्थाला अजून कुणी हात घातलेला नाही, ही नागनाथाची कृपा.

खरी गंमत आहे ती नाण्यासोबतच्या प्रमाणपत्रात. म्हणे, हे न्युएचं कायदेशीर चलन! मग चालवा की. हिंगोलीहून मुंबई गाठा, तिथून ऑकलंड, पुढं न्युएचं विमान. तेही रोज नसतं. तिथल्या राजधानीत, अलोफीत, दुकानात नाणं ठेवलंत तर माल मिळेल दोन डॉलरचा, म्हणजे आपल्या शंभरेक रुपयांचा. नुसती चांदीच त्याच्या कितीतरी पट! खर्चलं तर बुडालात आणि कॅप्सूल उघडून बोट लावलं तर भाव उतरला. असं हे चलन.

त्या न्युएला काय हसता? आपलं दहाचं नाणं काढा बघू खिशातून. त्याचे तेव्हाचे चौदाही नमुने खरे आहेत, असा अधिकृत खुलासा २०१८ मध्येच झालाय. नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतचं देणं फेडायची मुभा कायद्यानं दिलीय. टपरीवाल्याला मात्र कायदा मंजूर नाही. "चालत नाही, काका. नोट द्या." का? "पुढं कुणी घेत नाही." पुढचा म्हणतो, टपरीवाला घेत नाही. म्हणजे सगळी हिंगोली एकमेकांकडं बोट दाखवून खऱ्या पैशाला खोटं ठरवते! चिकटपट्टीनं जोडलेली, हळदीनं पिवळी पडलेली नोट चालते. सुट्ट्यांऐवजी गोळी चालते. तीच गोळी उद्या चहाच्या पैशांत देऊन बघा, लगेच कपाळाला आठ्या! आणि ही मनमानी आपण वर्षानुवर्षं मुकाट सोसतोय, खिसे चाचपत, ओशाळं हसत. का म्हणून? चहा पोटात गेलाय, नाणं टपरीवर ठेवलंय. घ्यायचं नसेल तर चहा परत घ्या!