तीन कोटेशनं आणि एक ब्लॉकचेन

जगातल्या हुशार मंडळींनी अलीकडे एक शोध लावला आहे. सगळ्यांनी मिळून फंड जमवायचा, कामाला कॉन्ट्रॅक्टर लावायचा आणि त्याला पैसे द्यायचे की नाही हे सभासदांनी मत देऊन ठरवायचं. नवी मुंबईत वाशी, नेरुळ, कोपरखैरण्याच्या सोसायट्यांत हा शोध दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत लागतो. नोटिशीवर त्याला वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणतात.

आपला शोध चहा-वेफर्सवर भागतो, त्यांच्या शोधाला ब्लॉकचेन लागते. त्यामुळे तो साहजिकच जास्त आदरणीय.

ओळखीतला एक तरुण आहे. महाप्यात संगणकाची नोकरी, सानपाड्यात स्वतःचा फ्लॅट, हप्ते चालू. त्याने मला हे सगळं समजावून सांगितलं. "काका, इथे कोणी चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही. सगळं कम्युनिटी ठरवते."

"मग मिनिट्स कोण लिहितं?" मी विचारलं.

तो समंजसपणे हसला. मागच्याच आठवड्यात त्याने ब्राझीलमधल्या कोणा अनुवादकाच्या मानधनावर मत दिलं होतं, प्रस्ताव अथपासून इतिपर्यंत वाचून. त्याच आठवड्यात त्याच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव होता. तिकडे तो फिरकला नाही. अनुवादक ब्राझीलमध्ये, गच्ची डोक्यावर. पुढे फ्लॅटमागे वर्गणीचं मागणीपत्र आलं तेव्हा हा तावातावाने ऑफिसात गेला, तर सेक्रेटरींनी वही उघडून दाखवली: सर्वानुमते मंजूर. सर्व म्हणजे जेवढे आले होते तेवढे.

चेष्टा पुरे. त्यांची व्यवस्था नीट पाहिली तर तिच्यात डोकं आहे. डिक्रेड नावाचं क्रिप्टो-नाणं २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. दर नव्या ब्लॉकबरोबर जी नाणी जन्माला येतात त्यांतला १० टक्के हिस्सा आपोआप प्रकल्पाच्या तिजोरीत पडतो. आपल्याकडे सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दर वर्षी घेतात. फरक एवढाच की तिकडे थकबाकीदारांची यादी लिफ्टशेजारी चिकटवावी लागत नाही आणि ती रात्रीतून फाटतही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात त्यांनी पोलिटेया ही प्रस्ताव-व्यवस्था आणली. प्रोग्रामर असो, जाहिरातवाला असो की व्हिडिओ करणारा, त्याने लिहून द्यायचं: काय करणार, किती दिवसांत, किती घेणार. प्रस्ताव मांडण्याची फी ०.१ नाणं. मग मत देतात ते तिकीटधारक, म्हणजे आपली नाणी काही काळ कुलूपबंद ठेवून ज्यांनी मताचा हक्क घेतला आहे ते. पात्र तिकिटांपैकी निदान २० टक्क्यांनी मत द्यायला हवं आणि पडलेल्या मतांत 'हो' म्हणणारे ६० टक्के हवेत. नाहीतर कॉन्ट्रॅक्टर घरी.

दाद द्यायलाच हवी. पण मत सगळ्यांचं असलं तरी तिजोरीची चावी २०२१ पर्यंत मोजक्या लोकांच्या हातात होती. त्या वर्षी नियम बदलला आणि पैसा बाहेर काढण्यालाही तिकीटधारकांचं मत लागू लागलं. चेकवर सह्या करणाऱ्यांच्या हातून चेकबुक काढून घ्यायला त्यांनाही पाच वर्षं लागली. आपल्या कार्यकारिणीची मुदत पाचच वर्षांची असते. चेकबुकाची किती असते, ते मला माहीत असलेल्या कुठल्याच उपविधीत लिहिलेलं नाही.

गणपूर्तीचंही तसंच. सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते, अशी आपली अट. पण उपविधी लिहिणारा माणूस मुरलेला असणार. अर्ध्या तासात माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करा, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही, अशी पळवाट त्याने आधीच करून ठेवली. म्हणून आपल्या सभा साडेदहाला बोलावतात, अकराला तहकूब करतात आणि लगेच त्याच खुर्च्यांवर बसून सुरू करतात. मधल्या वेळात समोसे येतात.

खरा फरक मताच्या वजनात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २७ म्हणतं: भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, आणि तेही स्वतः द्यायचं, प्रॉक्सी चालणार नाही. पामबीच रोडवरचा बंगलेवाला गुंतवणूकदार तुमच्या सोसायटीचा सभासद असला तरी हात एकच वर करणार. क्रिप्टोवाल्यांना हे मागासलेलं वाटतं. तिकडे जेवढी नाणी तेवढी मतं. डॅश नावाच्या नाण्यात प्रस्तावावर मत द्यायचं तर मास्टरनोड, म्हणजे डॅशचं जाळं चालवणारा सर्व्हर, हवा, आणि त्यासाठी १,००० डॅश गुंतवलेले हवेत. बरं, प्रस्ताव मांडण्याची फी ५ डॅश होती, मंजूर होवो न होवो, परत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एका डॅशचा भाव दीड हजार डॉलरच्या आसपास पोचला, तेव्हा नुसतं "मला काम द्या" म्हणायला साडेसात हजार डॉलर लागत होते. आपल्याकडे निविदेची अनामत रक्कम असते तीसुद्धा काम न मिळाल्यास परत मिळते. पुढे डॅशवाल्यांनी प्रस्तावाची फी १ डॅशवर आणली. शहाणपण आलं, पण भाव पडल्यावर.

जेवढी नाणी तेवढी मतं, तर मग नाणी उसनी आणली तर? हा प्रश्न कोणाला तरी सुचणारच होता. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात एकाने जवळजवळ शंभर कोटी डॉलरचं कर्ज उचललं, त्या पैशातून मतांचं बहुमत मिळवलं, आपलाच ठराव मंजूर करून तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडून टाकलं. हे सगळं एकाच व्यवहारात, काही सेकंदांत. प्रकल्पाचं नुकसान १८ कोटी डॉलरच्या वर. मला सगळ्यात आवडलेला तपशील वेगळाच आहे: आदल्या दिवशी त्याने जे प्रस्ताव टाकले होते, त्यांतल्या एकात युक्रेनला अडीच लाख डॉलर मदत द्यावी असं लिहिलं होतं. गृहस्थ आपल्याच मातीतला शोभला असता. बिलाच्या ठरावाआधी गणेशोत्सवाच्या वर्गणीचा विषय घ्यायचा म्हणजे वातावरण मंगल होतं, हे आमच्या विंगमधल्या माजी खजिनदारांना बीनस्टॉकच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

नियम न मोडताही जमतं. जुलै २०२४ मध्ये कम्पाउंड या प्रकल्पात एका गटाने ठराव आणला: तिजोरीतली ४,९९,००० नाणी आमच्या योजनेत द्या, आम्ही ती वाढवून दाखवतो. किंमत २ कोटी ४० लाख डॉलर. मतदान संपलं रविवारी. बाजूने ६,८२,१९१, विरोधात ६,३३,६३६. मंजूर. सोमवारी बाकीचे जागे झाले, ओरडा झाला आणि शेवटी तडजोड होऊन प्रकरण मिटलं. रविवारी सभा ठेवायची, आदल्या दिवशी बऱ्याच जणांनी लोणावळा गाठलेलं असतं, हे तंत्र मी फक्त आपलंच समजत होतो.

या बाबतीत आपले रजिस्ट्रार लोक फार पुढे गेले आहेत, आणि त्यांना पुढे का जावं लागलं ते वाशीत दिसतं. सेक्टर ९ आणि १० मधल्या सिडकोच्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारती आठवा. स्लॅबचं प्लास्टर पडणं, टेकू लावून त्याखाली संसार करणं आणि पुनर्विकासाची वाट पाहणं यात तिथल्या एका पिढीचे केस पांढरे झाले. पुनर्विकास म्हणजे सोसायटीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कॉन्ट्रॅक्टर निवडणं. तिथे बिल्डर, त्याची माणसं, कॉर्पसचे आकडे, "तुम्हाला वरचा मजला देतो" अशा खासगी गप्पा, सगळं आलं. म्हणून त्याच सहकारी अधिनियमाच्या कलम ७९-अ खालच्या जुलै २०१९ च्या निर्देशांनी बंदोबस्त केला: विकासक निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, निबंधकांचा अधिकृत अधिकारी समोर हवा, सभेचं व्हिडिओ चित्रण हवं, आणि ज्याला निवडायचं त्याला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. आलेल्यांपैकी नाही, एकूणांपैकी. डिक्रेडला २० टक्के पुरतात. सरकारने आपल्याला ओळखलेलं आहे.

या शहरात काही वर्षं तिसरी पद्धतही होती आणि ती सगळ्यात सुटसुटीत: मतदानच नको. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ च्या १ जानेवारीला अस्तित्वात आली. ठेके मंजूर करायला स्थायी समिती असते, तिच्यात नगरसेवक असतात, त्यांना आपण निवडून देतो. मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. पुढे पाच वर्षं उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. तोवर महासभा म्हणजे प्रशासक होते, स्थायी समितीही प्रशासकच. ठराव मांडणारे, अनुमोदन देणारे आणि मंजूर करणारे साहेब एकच. हजारो कोटींचं अंदाजपत्रक त्या काळात बिनविरोध पार पडत होतं. क्रिप्टोवाले ज्याला मध्यस्थ काढून टाकणं म्हणतात, ते इथे वेगळ्या अर्थाने साधलं: मधले आपण होतो, आपल्याला काढलं.

आता कॉन्ट्रॅक्टरकडे वळू. तो बिचारा मतदानाला घाबरत नाही. सोसायटीत तीन कोटेशनं मागवायची पद्धत आहे. तीन लिफाफे येतात, तीन कंपन्यांची तीन लेटरहेडं असतात आणि तिन्हींवर 'वॉटरप्रूफिंग'मधला प्रू ऱ्हस्व असतो. सगळ्यात कमी दराला एकमताने काम जातं. डॅशमध्ये एवढाही आडपडदा नाही: तिजोरीतून सगळ्यात मोठा वाटा वर्षानुवर्षं डॅश कोअर ग्रुप या मूळ विकासक कंपनीकडेच जात आला आहे. जिने बिल्डिंग बांधली तिलाच देखभालीचं काम. आणि तिला नको म्हणाल तर पायऱ्या कोण झाडणार?

पैसे कशात द्यायचे यावरही तिकडे मजा आहे. डिक्रेडचे कॉन्ट्रॅक्टर महिन्याचं बिल डॉलरमध्ये लावतात आणि त्यांना नाणी मिळतात त्या महिन्याच्या सरासरी भावाने. एप्रिल २०२१ मध्ये नाणं अडीचशे डॉलरच्या आसपास पोचलं होतं, २०२३ मध्ये पंधरा-वीसवर आलं. म्हणजे तेच काम, तेच बिल, तिजोरीतून नाणी मात्र दहापटीहून जास्त. मत देताना सभासदाने किती नाणी मंजूर केली हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. नाण्यांच्या किमतीचा विषय निघालाच आहे तर, ब्लॉकचेनवरच्या व्यवहारांची रंगीत तालीम करायला भारतातल्या तिघांनी उभ्या केलेल्या पॉलिगॉनने एक चाचणी-साखळी चालवली होती, तिचं नाव होतं मुंबई. तिच्यातल्या नाण्यांना किंमत शून्य होती. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद केली. नवी मुंबई त्यांनी काढली नाही, हे आपलं नशीब.

या सगळ्यात मत पडतं ते काम द्यायचं की नाही यावर, फार तर पैसे सोडायचे की नाही यावर. काम झालं की नाही यावर मत घेणारी साखळी मला अजून दिसलेली नाही. सोसायटीतही नाही, पण सोसायटीकडे पाण्याची चाचणी आहे. वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीच्या तोंडाशी विटा-सिमेंटचा बुटका बांध घालतात, नळी सोडून चार बोटं पाणी साठवतात आणि ते दिवसभर, कधी दोन दिवस तसंच ठेवतात. मग सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त गृहस्थ, ज्यांना सभेत कोणी बोलू देत नाही, ते आपल्या बेडरूममध्ये स्टुलावर चढून छताला हात लावतात. हात ओला झाला तर बिल थांबतं. त्यांना ना तिकीट लागतं, ना मास्टरनोड. जाहिरात, प्रचार, 'समाज जोडणं' अशी जी कामं नाण्यांच्या तिजोऱ्या मंजूर करतात, त्यांत पाणी कुठे साठवायचं? अहवाल येतो: इतक्या लाख लोकांनी पाहिलं. पाहिलं असेल. कुठे ओल आली का, ते सांगा.

वाशीतल्या जाणत्या सेक्रेटरींचा यावर एक उपाय आहे, तो मी सानपाड्याच्या त्या तरुणाला लिहून पाठवला: चाचणी पास झाली तरी शेवटचे पाच टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत द्यायचे नाहीत. त्याने विचारलं, हे प्रोग्रॅममध्ये बसवता येईल का? बसवा की. जून-जुलैत कॉन्ट्रॅक्टरचा फोन काही केल्या लागत नाही. त्या पाच टक्क्यांसाठी मात्र तो दसऱ्याच्या आत स्वतःहून फोन करतो आणि गच्चीवरही येतो, शिडी घेऊन.