गुडघ्यापासून ६ इंच

१९२२च्या उन्हाळ्यातला एक फोटो आहे. वॉशिंग्टनच्या टायडल बेसिनवर पोहायला आलेली एक तरुणी उभी आहे आणि बिल नॉर्टन नावाचा पोलीस तिच्यापुढे वाकून टेप लावतोय. मोजतोय काय, तर गुडघा आणि पोहण्याचा पोशाख यांतलं अंतर. ६ इंचांपेक्षा जास्त भरलं की नियमभंग. हा हुकूम काढला होता कर्नल शेरिल यांनी. त्यांचा हुद्दा : सरकारी इमारती आणि मैदानांचे अधीक्षक. यातल्या कुठल्या खात्यात त्यांनी गुडघा घातला, देव जाणे.

पोरीही काही कमी नव्हत्या. मोजे गुडघ्याखाली गुंडाळायचे आणि गालाला लावायची लाली गुडघ्यांना लावायची, अशी टूम त्या दशकात निघाली. ज्याच्यावर सरकार टेप घेऊन पहारा देतंय तो अवयव नटवायलाच हवा, नाही का? एरवी गुडघ्यासारख्या खडबडीत, ओबडधोबड जागेकडे कोण बघतंय!

त्याच काळात मुंबईच्या कोळणी गुडघ्यापर्यंतचं लुगडं कासोटा मारून नेसत आणि भर बाजारात मासळी विकत. तिथे टेप घेऊन कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. गेला असता तर परत आला असता का, हा वेगळा प्रश्न.

पुरुषांचा गुडघा मात्र निर्धास्त, असं वाटतं ना? गांधीजींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत अंगरखा-टोपी सोडून पंचा नेसला आणि १० वर्षांनी त्याच वेषात ते गोलमेज परिषदेला लंडनला गेले. बकिंगहॅम राजवाड्यात स्वागत समारंभ ठरला, तेव्हा राजे पंचम जॉर्ज कुरकुरले : या धड कपडे न घालणाऱ्या, उघड्या गुडघ्यांच्या माणसाला मी बोलवायचं? तेव्हाचे भारतमंत्री सॅम्युअल होर यांनीच हे लिहून ठेवलंय. आता गंमत बघा. हेच राजेसाहेब स्कॉटलंडात बाल्मोरलला गेले की किल्ट घालत. किल्ट गुडघ्याशी संपतो, मोजे गुडघ्याखाली थांबतात. मधे जे उघडं उरतं ते राजाचं असेल तर परंपरा; पंचेवाल्याचं असेल तर असभ्यता. शेवटी ५ नोव्हेंबर १९३१ला गांधीजी राजवाड्यात गेलेच, पंचा नेसूनच. साम्राज्य त्या दिवशी काही कोसळलं नाही.

कर्नलसाहेबांची गादी मात्र रिकामी राहिलेली नाही. मार्च २०२१मध्ये उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांना विमानात एका बाईंच्या जीन्समधून डोकावणारे गुडघे दिसले आणि संस्कारांची काळजी लागली. जुलैत त्यांनी राजीनामा दिला. सहा महिन्यांत आमदार होणं बंधनकारक होतं आणि पोटनिवडणुकीचा पत्ता नव्हता. त्यात कोणाच्याही गुडघ्यांचा दोष नाही.