फ्रिजवरची रेट-लिस्ट

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ सरका, मोठ्यानं बोलायची सोय नाही. आमच्या पलीकडच्या वहिनींनी फ्रिजवर चक्क रेट-लिस्ट लावली होती! अंथरूण काढणे 5 रुपये, स्वतःचं ताट धुणे 5, झाडांना पाणी 10, कुलर भरणे 20. कुणासाठी? तर सातवीतल्या पोट्ट्यासाठी. मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला म्हणे, मुलांना कष्टाची किंमत कळली पाहिजे. यांनी आकडेच टाकले!

सुरुवातीला काय ते कौतुक! "आमचा न सांगता कुलर भरून राहिला" म्हणून साऱ्या लक्ष्मीनगरात सांगून झालं. मी आपली "हो का, छान" म्हटलं. मनात म्हटलं, थांबा, महिनाअखेर येऊ द्या. महिनाअखेरपर्यंत कुठे टिकतंय! अहो, त्या कुरडयांच्या वेळी तर... जाऊ द्या, ते नंतर.

तर काय सांगत होते? हां, ती दुपार. आपला मे महिना, पारा पंचेचाळिसावर, कुलरसुद्धा वाफा टाकून राहिलेला. मी सांडगी मिरची द्यायला गेले होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर विश्वास बसला नसता. आजींना गरगरल्यासारखं झालं. म्हणाल्या, "बाळा, माठातलं ग्लासभर पाणी दे रे." पोट्टा दिवाणावर आडवा, मोबाइलमध्ये डोकं. मान वर न करता म्हणतो कसा, "आजी, पाणी लिस्टमध्ये नाही. किती देशील?"

बाप्पा! आजींचा चेहरा असा उतरला की बघवेना. एक शब्द बोलल्या नाहीत, भिंतीला धरत उठल्या आणि स्वतःच पाणी घेतलं. वहिनी तर पांढऱ्याफटक. अक्षर त्यांचंच ना फ्रिजवर!

मग झाली बोलाबोली. वहिनी ओरडल्या तसा पोट्टा उठून बसला आणि म्हणाला, "फुकटात काम करून घेणं म्हणजे चाइल्ड लेबर असतं!" आता नेमके त्याचे काका तिथेच, ते कोर्टात असतात ते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ये, सांगतो. कायदा 1986चा, 2016 साली सुधारला. चौदाच्या आतल्या पोराला कामावर ठेवायचं नाही, हे खरं. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, काम धोक्याचं नसेल, तर घरच्यांना हातभार लावलेला चालतो. लिहिलंय तसं. आजीला पाणी देणं धोक्याचं आहे का रे?" पोट्टा गप.

आणि खरी गंमत पुढेच. नववीतली ताई. ती आपली कोपऱ्यात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, रोजच्यासारखी. ती शांतपणे म्हणते, "आई, लिस्टमध्ये माझं नाव कुठंय?" अहो, खरंच नव्हतं! ती भाजी चिरते, कणीक मळते, आजींचे पाय चेपते, आणि कुणाच्या डोक्यातही आलं नाही की हेसुद्धा काम आहे. आजी पटकन बोलून गेल्या, "तू पोरीची जात..." आणि अर्ध्यावरच थांबल्या. मग ताईनं शाळेच्या प्रोजेक्टची वही काढली. 2019 साली सरकारनं देशभर कोण कशात किती वेळ घालवतं याची मोजणी केली होती ना, त्यातले आकडे. सहा वर्षं आणि त्यावरच्या शंभर बायका-पोरींमधल्या 81 जणी रोज घरकाम करतात, पुरुष-पोरांमधले फक्त 26. करणाऱ्यांचाही वेळ बघा, बायकांची 299 मिनिटं, पुरुषांची 97. काका चष्मा पुसायला लागले. वहिनी फ्रिजकडे बघतच नव्हत्या.

पोट्ट्याचा एक डाव शिल्लक होता. म्हणाला, "पण तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरलो की बोजाऱ्याचे खाऊ-पैसे मिळतातच ना? मग कामाचे पैसे मागितले तर काऊन चिडता?" आता यावर कोण बोलणार? आजोबा बोलले. ते वर्ध्याकडचे, एरवी पेपरातून डोकं काढत नाहीत. म्हणाले, "अबे, रघुजीराजांनी 1806 साली तान्हा पोळा सुरू केला म्हणतात, तो काऊन? बैल वर्षभर राबते, त्याची कदर लेकराला लहानपणीच कळावी म्हणून. बोजारा आनंदाचा असते. बैल कधी बिल फाडते का?" आम्ही सगळे हसलो, पोट्टासुद्धा हसला.

पण आजोबा एकदा सुरू झाले की सेवाग्रामला गेल्याशिवाय थांबत नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला? 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणाची परिषद भरवली, तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले तेच. मग आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामला नई तालीमची शाळा चालवली. पोरं सूत कातायची, वाफ्यात भाजी लावायची, स्वयंपाक करायची, संडाससुद्धा साफ करायची. गणित त्यातच, विज्ञान त्यातच. मध्ये शाळा बंद पडली होती, 2005पासून आनंद निकेतन नावानं पुन्हा सुरू आहे. आजोबा म्हणाले, "आणि झाडू एकट्या पोरायच्या हाती नसे. गुरुजीही संगं झाडायचे."

पोट्ट्यानं एवढंच धरलं. "गुरुजीसुद्धा?" म्हणाला, आणि वळून बघितलं बाबांकडे.

अहो, काय सांगू! भाऊजी जेवून उठत होते. ताट जिथल्या तिथे, रोजच्यासारखं. आंघोळीला गेले की आतून "ए, टॉवेल!" ही आरोळी तर आपल्या अंगणापर्यंत येते, तुम्हीही ऐकली असेल. सगळ्यांच्या नजरा त्या ताटावर. कुलरची घरघर तेवढी चालू. भाऊजी कानापर्यंत लाल झाले. वाकले, ताट उचललं आणि सिंकवर जाऊन विचारतात, "घासणी कुठे असते गं?" लग्नाला सोळा वर्षं झाली! वहिनींना हसावं की रडावं कळेना.

रेट-लिस्ट त्याच संध्याकाळी निघाली. पॉकेटमनी आता वेगळा, ठरलेला, कामाशी त्याचा संबंध नाही. कामं वाटून दिलीत, ज्याचं काम त्याचंच. दुसऱ्यानं मागून येऊन करून टाकायचं नाही आणि ओरडायचंही नाही. कुलर पोट्ट्याकडे आला. तर एका रात्री विसरला भरायला. कुणीही उठलं नाही! ताट्या कोरड्याठक्क, सगळं घर घामानं निथळलं, तोही निथळला. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत टाकी काठोकाठ. ताईची कणीक आता एक दिवसाआड भाऊजी मळतात. पोळ्या जाड होतात म्हणे, पण बोलायची कुणाची टाप आहे? आणि कुरडयांच्या दिवशी पहाटे पाचला सगळेच गच्चीवर, भाऊजी पाट धरून, पोट्टा काठी घेऊन कावळे हाकलायला.

तुम्ही म्हणाल, यापेक्षा शिबिराला पाठवावं. अहो, माझ्या मावसबहिणीचा मुलगा सोमनाथला गेला होता ना, बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून कुदळ मारून आला. आल्यावर चार दिवस स्वतःचं ताट धुतलं. पाचव्या दिवशी त्याच्या आईनंच हातातून घेतलं, "राहू दे रे, दमला असशील." संपलं! छावणी आठवड्याची, घर बारा महिन्यांचं. छावणीनं शिकवायचं आणि आईनं पुसून टाकायचं, तर पोरानं काय करावं?

म्हणून सांगते, पोरांना पैशाचं आमिष नको नि भाषण नको. एक खरं काम द्या, ज्याच्यावाचून घराचं अडेल असं, आणि मग हात मागे बांधून बसा. मुलगा असो की मुलगी, एकच माप. आणि सुरुवात करा ती घरच्या मोठ्या पुरुषापासून. तुमच्याकडचे जेवले का आत्ता? मग जा, बघा ताट कुणी उचललं ते. आणि हो, हे मी सांगितलं असं वहिनींना कळू देऊ नका हं!