कोण कुठं जाणार? कट्ट्यावरून खेळाडूंची निवड करण्याची रीतसर पद्धत

आयपीएलचा लिलाव, महाराष्ट्राच्या 19 वर्षांखालच्या संघाची निवड, प्रो कबड्डीची बोली, पुण्याच्या तालमीत यंदा कोणतं पोरगं दाखल होणार... ही कामं ज्यांच्याकडं सोपवलेली आहेत त्यांच्याकडं पैसा आहे, व्हिडिओ आहेत, पगारी विश्लेषक आहेत. नाही तो फक्त वेळ. वेळ बीडकडं आहे. जालना रोडपासून बार्शी नाक्यापर्यंत, सकाळच्या पहिल्या चहापासून रात्री टपरीचं शटर अर्धं खाली येईपर्यंत, तो मुबलक आहे. त्यामुळं देशातल्या होतकरू खेळाडूंचं भवितव्य ठरवायची जबाबदारी आपसूक आपल्यावर येऊन पडते. नवीन सभासदांना ती पेलता यावी म्हणून ही मार्गदर्शिका.

आधी पात्रता बघू. उमेदवारानं अलीकडच्या काळात मैदानावर पाय ठेवलेला नसावा, ही मुख्य अट. जो मैदानावर जातो त्याला आपलं पोरगं एखाद्या सामन्यात शून्यावर बाद होताना दिसतं, आणि मग त्याच्या बोलण्यात 'पण', 'तसं', 'बघू' असले शब्द शिरतात. कट्ट्याला असले शब्द चालत नाहीत. याच कारणानं प्रशिक्षकाला चर्चेत घेऊ नये. तो माणूस रोज संध्याकाळी नेटच्या मागं उभा राहून साठ-सत्तर पोरं बघतो आणि विचारलं तर म्हणतो, "लहान हाय अजून. पाय हलत नाहीत. वर्षभर जाऊ द्या." एवढ्या एका वाक्यात दोन तासांची बैठक मोडते. प्रशिक्षक आलाच तर त्याला अर्धा कप पाजावा, राजकारणाचं विचारावं आणि लवकर वाटेला लावावं.

दुसरी तयारी भूगोलाची. बीड जिल्ह्यात तालुके बरोबर 11 आहेत: बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई. सरकारनं आपल्याला आयता संघच करून दिलाय. (अंबाजोगाईचा मात्र वेगळ्या संघाचा अर्ज फार जुना आहे. तो विषय काढलात तर त्या दिवशी क्रिकेट होणार नाही.) कोणताही खेळाडू चर्चेला आला की त्याला या 11 पैकी कुठं तरी बसवायचं. जन्म इथला असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आईचं माहेर बघा. तेही नसेल तर वडलांची नोकरीतली एखादी बदली इथं झाली होती का बघा. काहीच सापडलं नाही तर वर्तुळ मोठं करा. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा, म्हणजे धाराशिव जिल्हा, म्हणजे मराठवाडा, म्हणजे आपला. पुणेरी पलटणला 2024 मध्ये प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. पण नगर कुठून सुरू होतं? आष्टी संपली की. म्हणजे थोडा तरी आपलाच. या पद्धतीनं दमानं गेलं तर ऋतुराज गायकवाडसुद्धा तीन चहांत बीडचा होतो.

सचिन धस या नावापाशी मात्र असली कसरत लागत नाही, तो अस्सल बीडचा. नाव तेंडुलकरावरून ठेवलेलं, पाठीवर आकडाही 10. 6 फेब्रुवारी 2024 ला बेनोनीत 19 वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. समोर दक्षिण आफ्रिका, लक्ष्य 245 आणि आपले 4 बाद 32. तिथून धस आणि कर्णधार उदय सहारन यांनी 171 धावा जोडल्या. धस 96 वर बाद झाला, भारत 2 गडी राखून जिंकला. ज्याला ही खेळी नीट बघायची असेल त्यानं ती घरी एकट्यानं बघावी. धस कुठं थांबून खेळला, कुठं हात मोकळे केले, हे बघण्यासारखं आहे. कट्ट्यावर त्याचा उपयोग नाही. कट्ट्यावर एवढंच सांगायचं की, "ह्याला मी चौथीत असताना बघितलेलं." त्या रात्रीनंतर, त्याला चौथीत असताना बघितलेल्या लोकांची संख्या जिल्हा स्टेडियमच्या क्षमतेबाहेर गेली. आपण त्यात उशिरा सामील झालो तरी हरकत नाही. फक्त वर्ग बदला, तिसरी सांगा. जो खालचा वर्ग सांगेल तो ज्येष्ठ.

आता सूत्र. नुसतं मत कुणीही देतं, सूत्राशिवाय त्याला किंमत नाही. सूत्र पुण्यात असावं. आपलं बीड महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतं, तिचं मैदान गहुंजेला, म्हणजे बातमी तिकडूनच निघणार हे ओघानं आलं. उत्तम सूत्र म्हणजे गहुंजेजवळ फ्लॅट असलेला मावसभाऊ. सूत्राचं नाव कधी सांगायचं नाही आणि बातमी कधी पूर्ण द्यायची नाही. आवाज खाली आणून, कपातला शेवटचा घोट तसाच ठेवून म्हणायचं, "चेन्नईवाले विचारायलेत म्हणं." कोण विचारतंय, कुणाला, कशाबद्दल, यातलं काहीही उघड करू नये. बातमी खरी निघाली तर आपण सांगितलेलीच होती. खोटी निघाली तर विचारलं होतं, पण जमलं नाही. बीडकराला हे अवघड जाऊ नये. 'येणार, येणार' यावर श्रद्धा कशी टिकवायची हे आपल्याला रेल्वेनं शिकवलंय. 17 सप्टेंबर 2025 ला ती एकदाची आली, तोवर किती पिढ्यांनी किती खात्रीलायक तारखा सांगितल्या असतील. त्यातल्या एकालाही कुणी जाब विचारला नाही.

किंमत ठरवताना हात आखडू नये. हंगरगेकरची मूळ किंमत 30 लाख होती, 2022 च्या लिलावात चेन्नईनं दीड कोटी मोजले. वैभव सूर्यवंशीला राजस्थाननं 13 व्या वर्षी 1 कोटी 10 लाखांना घेतलं. तेव्हापासून आपल्या गल्लीतल्या आठवीच्या पोराची किंमत एक कोटीच्या खाली सांगणं हे त्या घराशी वैर धरल्यासारखं होतं. कुणी शंका काढलीच तर 2008 सालचा दाखला तोंडपाठ ठेवावा. आयपीएलच्या पहिल्या हंगामात 19 वर्षांखालच्या विश्वविजेत्या पोरांची लिलावाबाहेर वेगळी वाटणी झाली. दिल्लीकडं फलंदाज होते, म्हणून त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा गोलंदाज घेतला आणि घरचाच विराट कोहली बंगळूरला गेला. हा दाखला सगळ्या वादांवर चालतो. आपण सुचवलेलं पोरगं कुणी घेतलं नाही तर म्हणायचं, "कोहलीला तरी कुठं घेतलं?" आपण नाकारलेलं पोरगं चमकलं तर तेच वाक्य मान खाली घालून म्हणायचं.

वयाचा विषय नाजूक आहे. क्रिकेट मंडळ 16 वर्षांखालच्या पोरांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. कट्ट्यावर मिशा बघतात. पोरगं आपलं असेल तर मिशा घराण्यात लवकर येतात. पोरगं दुसऱ्या जिल्ह्याचं असेल तर विषय एक्स-रेवर न्यावा.

जे काही शिकलात त्याचा सराव करायचा तर गावच्या टेनिस बॉल प्रीमियर लीगचा लिलाव गाठा. हल्ली सरपंच चषकालासुद्धा लिलाव लागतो. मंगल कार्यालय, स्टेजवर लग्नातल्याच सोफासेटवर संघमालक: एक वीटभट्टीवाले, एक दूध डेअरीवाले, एक मोबाईल दुकानवाले आणि एक नुसतेच भावी. भिंतीवरच्या पडद्यावर एकेका पोराचा गॉगल घातलेला फोटो येतो. पैसे नसतात, पॉईंट असतात. पुकारणारा माणूस एरवी लग्नात आहेर पुकारतो, त्यामुळं त्याला घाई माहीत नाही. फोटोखाली 'खेळाडूचा प्रकार' असा रकाना असतो आणि त्यात यच्चयावत पोरांनी 'ऑलराउंडर' लिहिलेलं असतं.

"बॉलिंग टाकतंय का हे?" डेअरीवाले विचारतात.

"मालक, फॉर्मवर लिहिलंय की."

"फॉर्मवर माझ्या मेव्हण्यानं बी लिहिलंय."

यावर मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडतं, "घ्या हो तात्या, पोरगं गरीब हाय!" आणि तात्या दोनशे पॉईंट वाढवतात. बोली वाढवायला गरिबीपेक्षा मोठं कौशल्य अजून सापडलेलं नाही. या ठिकाणी नवख्यानं गप्प बसून वहीत नोंदी कराव्यात. भावी कुणावर बोली लावतात तिकडं नीट बघा. त्यांना यॉर्कर कळत नाही, पण कोणत्या पोराच्या घरात किती मतं आहेत हे तोंडपाठ असतं. मला विचाराल तर सगळ्या सभागृहात अभ्यास करून आलेला माणूस तेवढा एकच असतो.

हे वेड आपल्यालाच आहे असं समजून खंतावू नका. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलसाठी शाळकरी पोरांना तारे देतात. तीन तारे, चार तारे, पाच तारे. टेबलावर दोन-तीन विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या, पोरगं मध्ये बसलेलं, कॅमेरे लागलेले. ते एक टोपी उचलून डोक्यावर ठेवतं आणि त्या विद्यापीठाचे पन्नाशीतले चाहते घरी बसून रडतात. 1 जुलै 2021 पासून त्या पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायचीही मुभा मिळाली, तेव्हापासून टोप्या जास्तच जड झाल्या. आपल्याकडं हाच विधी पक्षप्रवेशात होतो, टोपीच्या जागी उपरणं. तोच हशा, त्याच टाळ्या, आणि कालपर्यंत ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांच्याच शेजारी उभं राहून फोटो. एखादा खेळाडू आपला संघ सोडून गेला तर काय बोलावं, हे कळत नसेल तर जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. त्याच्याकडं दोन्ही बाजूंची भाषणं तयार असतात.

पुढचा धडा अन्यायाचा. पोराची निवड झाली नाही तर कारण खेळात शोधू नये. दांडेकर समितीनं 1984 मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मोजला, त्यात रस्ते आले, सिंचन आलं. लेगस्पिनर मोजायचे राहून गेले, असं खेदानं म्हणावं. पाटोद्याच्या राहुल आवारेचं उदाहरण इथं कायम कामी येतं आणि ते खरंही आहे. पोरगं पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि पुढं काका पवारांच्या हाताखाली तयार झालं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला 57 किलोत संदीप तोमर गेला आणि राहुल मागं राहिला. तेव्हा कट्ट्यावर जो संताप झाला तो आजही गरम करून वाढता येतो. राहुलनं स्वतः त्याचं काय केलं? 2018 ला गोल्ड कोस्टमध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेचं कांस्य. हे सांगायचं, पण लवकर. सुवर्णपदकावर पाच मिनिटंसुद्धा बोलता येत नाही, अन्यायावर रात्र निघते.

शेवटी एक अडचण सांगून ठेवतो, कारण कुणी तरी आगाऊ माणूस ती काढणारच. तो विचारेल, "अविनाश साबळेला तुमच्यातल्या कोणी हेरलं होतं?" आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं पोरगं. बारावी झाली, सैन्यात भरती झालं, सियाचीनला राहून आलं. पळण्याच्या शर्यतींकडं 2015 च्या सुमारास वळलं, तेही पलटणीत. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण, 2024 ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत. त्याच्यावर कुणी बोली लावली नव्हती, कुणाच्या मावसभावानं विचारलं नव्हतं. आजही पहाटे अंधारात जा, नगर रोडला पोलीस भरतीसाठी पोरं 1600 मीटर आणि पोरी 800 मीटर पळत असतात, कडेला कुणाचा तरी बाप मोबाईलवर वेळ लावून उभा असतो. काहींच्या घरचं दार दिवाळीनंतर बंद असतं, कारण मुकादमाची उचल घेऊन आईबाप कोयत्यावर गेलेले असतात. लिलाव तोही आहे, फक्त त्याला कुणी टीव्हीवर दाखवत नाही.

आगाऊ माणसाला उत्तर द्यायचं ते असं: टपरी सकाळी साडेसातला उघडते, पोरं पाचला पळतात, यात आमचा काय दोष? ही सबब वेळापत्रकाला धरून असल्यानं तिच्यावर वाद होत नाही. झालाच तर म्हणावं, "मांडव्याच्या घाटात मी त्याला चढताना बघितलेलं." वर्ग विचारतील. तिसरी सांगा.

चहाच्या पैशांचा नियम साधा आहे. ज्यानं सुचवलेलं पोरगं लिलावात विकलं जाईल त्यानं सगळ्यांचे द्यायचे. त्यामुळं निकालाच्या दिवशी प्रत्येक जण शपथेवर सांगतो की हे नाव आपण घेतलंच नव्हतं. टपरीवाल्याच्या वहीत पहिल्या आयपीएलपासूनची उधारी आहे. मागायला आला तर त्याला यंदाची यादी विचारा. त्याचंही एक पोरगं आहे, ऑलराउंडर.