झाडू चालेल, बाटली नको

पुण्यात रविवारी सकाळी गमबूट चढवून नदीत उतरणाऱ्यांचं माननीयांना भारी कौतुक. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठी ही मंडळी गाळातून काय काय ओढून काढतात: दुधाच्या पिशव्या, डायपर, गुटख्याच्या पुड्या आणि काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी. (घराला नवा रंग दिला की जुन्या देवांची पाठवणी नदीत. तीही श्रद्धेनं.) माननीय येतात, हातमोजे घालतात, एक पिशवी उचलतात, फोटो होतो, प्रशस्तिपत्रक वाटलं जातं.

मंडळींनी झाडू ठेवून बाटली काढली की मात्र वातावरण बिघडतं. 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘जीवितनदी’नं लोकांना नदीचा एकेक पट्टा दत्तक घ्यायला लावलं, आणि दत्तक घेतलं की तब्येत बघणं आलंच. पाण्यातला प्राणवायू तपासायची पेटी मिळते. बाटली काठोकाठ भरायची, दोन रसायनांचे थेंब सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायची. गाळ तपकिरी बसला तर प्राणवायू आहे. पांढराशुभ्र बसला तर नाही. पांढराशुभ्र रंग बघून धसका घ्यायची आपल्याला तशी सवय आहेच म्हणा. लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक माशांचे हाल सुरू. जलपर्णी तेवढी खाऊनपिऊन सुखी.

हे सगळं तारीख, वेळ, पुलाचं नाव घालून वहीत उतरतं. ती वही घेऊन साहेबांसमोर गेलं, की कालचे ‘जागरूक नागरिक’ उभ्या उभ्या ‘विकासविरोधी’ होतात.

विकास म्हणजे नदीकाठ सुधार: 44 किलोमीटर, चार हजार सातशे कोटींच्या घरात, भूमिपूजन मार्च 2022. मैलापाणी शुद्ध करायची 11 केंद्रांची योजना वेगळी; जपानी कर्जावरच्या त्या योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली 2016 मध्ये. बंडगार्डनजवळ काठ चकाचक झाला, तेव्हा ही केंद्रं अजून बांधलीच जात होती. पाहुणे यायच्या आत ओटा पुसून घ्यावा आणि मोरी तुंबलेली तशीच ठेवावी, तसला हा प्रकार. काठावरची झाडं जाणार म्हणून एप्रिल 2023 मध्ये पुणेकर ‘चिपको’ म्हणत निघाले, तर तेही विकासविरोधी.

मग 25 जुलै 2024 ला मुठा एकतानगरीतल्या घरांत शिरली. निळी पूररेषा 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या, हे शहराला एका रात्रीत तोंडपाठ झालं. वहीवाले ते कधीपासून सांगत होते.

तेव्हा माननीयांना एकच विनंती. प्रशस्तिपत्रकं पुरे, भिंतीवर जागा उरलेली नाही. त्या वहीच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक तेवढा टाकून द्या.