हेक्टर नसलेला आर

आमच्या कनेरगाव नाक्यावर 'आर' हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनात दोनच अर्थ उभे राहतात: एक सातबाऱ्यावरचा, ज्याचे शंभर मिळून हेक्टर होतो आणि ज्याच्या दोन-चारांच्या तफावतीपायी सख्खे भाऊ दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात; आणि दुसरा तुतारीच्या टोकाला ठोकलेला तो अणकुचीदार खिळा, जो पुठ्ठ्याला लागताच बैलाला आपल्या कर्तव्याचे तत्काळ स्मरण होते. आर नावाची एक संगणकाची भाषाही आहे आणि सांख्यिकीचे पंडित तिच्यातच आपले व्यवहार करतात, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझ्या भाचीकडून कळले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातले रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे तिचे जनक. दोघांच्या नावाचे आद्याक्षर एकच, शिवाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जन्मलेल्या 'एस' भाषेची ही धाकटी पाती, म्हणून हे नाव. तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० या दिवशी निघाली, म्हणजे वाढदिवसही चार वर्षांतून एकदाच. इतका सगळा इतिहास ऐकूनही नामकरणामागे तुतारीचाच अर्थ असावा, असे माझे अनुभवान्ती मत आहे.

या भानगडीत मी पडलो तो एका वहीमुळे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, त्या उत्साहाच्या भरात मी अंगणात पाच इंच व्यासाचे पर्जन्यमापक बसवले आणि जूनपासून रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला पावसाची नोंद ठेवू लागलो. गणिताचा मास्तर असल्यामुळे आकड्यांचा मोह मला होताच. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांना नमुना पाहणीचे शास्त्र दिले, हे वाचल्यापासून सांख्यिकीविषयी एक प्रकारचा ग्रामाभिमानही मनात होता. भाची नांदेडला त्याच विषयात एम.एस्सी. करते. दिवाळीत आली, वही पाहिली आणि म्हणाली, "मामा, हे सगळं संगणकात घाला, मी तुम्हाला आर शिकवते." चार दिवस शिकवून, आपला जुना संगणक माझ्या पदरात टाकून ती निघून गेली.

पहिल्याच संध्याकाळी संकट आले. ही भाषा हुकमाची वाट पाहत असते तेव्हा पडद्याच्या डाव्या काठाला एक उजवीकडे टोक केलेली कोनाची खूण दाखवते. मी सरासरीचा हुकूम लिहून कळ दाबली, तो उत्तराऐवजी त्या जागी अधिकाचे चिन्ह उमटले. आयुष्यभर ज्याने मुलांना बेरजा घातल्या, त्याला अधिकाचे चिन्ह पाहून दुसरे काय वाटणार? यंत्राला आणखी काही मिळवून हवे आहे असे समजून मी एक आकडा दिला, पुन्हा अधिक. दुसरा दिला, पुन्हा अधिक. अर्धा तास मी त्या यंत्राला, हुंड्याला कंटाळलेल्या वधूपित्यासारखा, मागेल ते देत बसलो. शेवटी नांदेडला फोन लावला. "मामा, कंस उघडलाय तो बंद केला का? कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबा." हजारो मुलांचे न मिटलेले कंस तांबड्या शाईने मिटवून मी निवृत्त झालो आहे, एवढे सांगितले म्हणजे माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

दुसऱ्या दिवशी यंत्राने कळवले की, 'पाऊस' नावाची कोणतीही वस्तू आपल्या दप्तरी आढळून येत नाही. तक्ता भरताना इंग्रजी थोरले अक्षर आणि हुकमात धाकटे, एवढ्याच कारणावरून पंचवीस वर्षांचा पाऊस नामंजूर! ज्या लिपीत अक्षरांमध्ये थोरली-धाकटी पातीच नाही, तिच्यात वाढलेल्या माणसाला हा भाऊबंदकीचा प्रकार सहजी उमगत नाही.

इथे आमच्या गावाच्या नावातल्या शेपटाविषयी सांगितले पाहिजे. पैनगंगेपलीकडे इंग्रजांच्या अमलाखालचा वऱ्हाड आणि अलीकडे निजामाचे राज्य, अशा सरहद्दीवरचे आम्ही लोक. १९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपली. नाका मात्र गावाच्या नावाला चिकटून राहिला. करोडगिरीचा, म्हणजे आजच्या भाषेत जकातीचा, अंमलदार कसा एकेक पोते उसवून पाही आणि कागदावरच्या एका मात्रेच्या फरकासाठी बैलगाडी रात्रभर कशी उभी करी, याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या. तोच अंमलदार पुनर्जन्म घेऊन या यंत्रात बसला आहे, असा मला दाट संशय आला. तसे नसते तर माझ्याच गावाची त्याने चार गावे का केली असती? इंग्रजीत मी कुठे 'कनेरगाव' लिहिले होते, कुठे 'कन्हेरगाव', कुठे पुढे 'नाका' जोडला होता, आणि एका ठिकाणी नाक्यानंतर बोट चुकून एक रिकामी जागा सुटली होती. चारही महसुली गावे धरून त्याने मला चार वेगळ्या सरासऱ्या दिल्या. रिकाम्या जागेलाही स्वतंत्र गावठाण मिळते, हे मी प्रथमच पाहिले.

परंतु या सर्वांवर ताण केली ती आकड्यांच्या प्रकरणाने. ११० मिलिमीटर पाऊस झाला, ओढ्याला पूर येऊन कडबा वाहून गेला, तो दिवस मला चेहऱ्याने आठवतो. यंत्राने त्या दिवशीचा पाऊस ५ असा दाखवला. आणि ज्या दिवशी अंगणातली माती धड ओली झाली नव्हती, त्या ९ मिलिमीटरच्या दिवसासमोर ६३! पैसेवारी काढतानाही इतकी उलथापालथ कोणी करीत नाही. दोन दिवस मी सोयाबीनच्या काडासारखा तो तक्ता चाळणीतून काढला, तेव्हा सापडले ते असे: शेकडो आकड्यांत एका ठिकाणी सवयीने मी मराठी '१२' लिहिला होता. बाकी सर्व इंग्रजी अंक. त्या एका देशी आकड्यापायी यंत्राने संपूर्ण रकाना अक्षरांचा ठरवला, कोशातल्या शब्दांप्रमाणे त्याची वर्णानुक्रमे यादी केली (अशा यादीत ११० हा ९ च्या कितीतरी आधी येतो, कारण पहिले अक्षर एक), आणि मी आकडे मागितल्यावर पावसाऐवजी यादीतले अनुक्रमांक काढून दिले. तेही तोंडातून चकार शब्द न काढता. भाचीने सांगितले की, अक्षरांचा रकाना आपणहून अशा यादीत घालण्याची ही खोड २०२० च्या एप्रिलमधील चौथ्या आवृत्तीत मोडली आहे, आणि लगोलग तिने दुरूनच नवी आवृत्ती चढवून दिली. आता तेच केले असता बाकीचे आकडे मुकाट्याने जागेवर आले, आणि त्या '१२' पुढे 'एनए' अशी दोन अक्षरे उमटून खाली ताकीद आली, तिचा मथितार्थ असा की, जबरदस्ती केल्यामुळे येथे अनुपलब्धता उत्पन्न झाली आहे. सरकारी भाषेवर माझे प्रेम नाही. पण इतके स्वच्छ वाक्य मी कोणत्याही परिपत्रकात वाचलेले नाही.

या 'एनए'ची गंमत पुढे आहे. एक जरी एनए असला तरी यंत्र साऱ्या वर्षाची सरासरी एनए म्हणून परत करते. अनुपलब्ध वगळून काढ, असे स्पष्ट लिहून द्यावे लागते. एक एनए दुसऱ्या एनएइतकाच आहे काय, असे विचारले तर उत्तर होय नाही, नाही नाही, पुन्हा एनएच. मला माहीत नाही, असे इतक्या ठामपणे सांगणारा अंमलदार मी जन्मात पाहिला नव्हता. सुरुवातीला मी चिडून भाचीला म्हणालो, "अगं, माहीत नसेल तिथे शून्य धरावे, एवढी साधी अक्कल नाही का त्याला?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मामा, एक विचारू? तुमच्या गावात आषाढी एकादशीला पाऊस पडत नाही का?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"दरवर्षी एकादशीच्या मागेपुढे पाच दिवस शून्य आहे. आणि एकादशी कधी जूनच्या शेवटी असते, कधी जुलैत. हे शून्य पंचांग बघून सरकतं. फक्त २०२० आणि २०२१ ला तिथे आकडे आहेत."

१९९९ पासून मी दर आषाढीला पाच दिवस पंढरपुरी असतो. परत आल्यावर वहीतल्या पाच रिकाम्या ओळी डोळ्यांना खुपत, म्हणून मी त्या शून्याने भरीत असे. आणि पाच दिवसांचे साठलेले पाणी, हिशोबात घोळ नको म्हणून, तुळशीला घालीत असे. करोनाच्या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, मी घरीच होतो, त्यामुळे १ जुलै २०२० आणि २० जुलै २०२१ या दोनच एकादशींची नोंद खरी.

२०२४ अखेर सव्वीस पावसाळे; दोन वजा जाता चोवीस; पाच-पाचप्रमाणे एकशेवीस शून्ये. ती सगळी मी एकेक करून खोडली आणि तिथे एनए लिहिले. त्या रात्री यंत्राने एकही हरकत घेतली नाही.