न झालेल्या खर्चाचा जमाखर्च

जमीन सपाट करावयाची असो, बांध घालावयाचा असो, की माळाचा मुरूम फोडून तेथे डाळिंबाची बाग उठवावयाची असो, तासाच्या भाड्याने यंत्र मागावयास ज्यांच्या दारी जावे लागते त्या मालकमंडळींत सरळ दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग नव्याकोऱ्या यंत्रांच्या धन्यांचा. बँकेचे हप्ते मानेवर असल्यामुळे ही मंडळी सदैव घाईत असतात आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नसते. दुसरा वर्ग आबांचा. आबा हे नाव केवळ सोयीसाठी. एखाद्या गावात ते तात्या असतील, दुसरीकडे अण्णा. परंतु सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टॅपेट मोजण्याच्या पोलादी पात्या, आणि काळ्या ग्रीसने माखलेल्या बोटांनी चहाची बशी उचलूनही तिला डाग न लागू देण्याचे कसब, एवढ्या दोन खुणांवरून त्यांना कोणत्याही तालुक्याच्या बाजारात ओळखून काढता येते.

आबांचा ट्रॅक्टर चाकांचा नव्हे, चेनचा. मऊ जमिनीत जड यंत्र रुतू नये म्हणून अमेरिकेतल्या बेंजामिन होल्टने 1904 साली कॅलिफोर्नियात चाकांच्या जागी लाकडी ठोकळ्यांचा फिरता पट्टा बसवून पाहिला, त्या कल्पनेचा हा कॅटरपिलर डी-फोर नावाचा वंशज आबांनी सरकारी लिलावात 'आहे त्या स्थितीत' या शर्तीवर घेतला, आणि ती स्थिती यावच्चंद्रदिवाकरौ टिकविणे हे खरेदीदाराचे कायदेशीर कर्तव्य आहे अशी त्यांची तेव्हापासून समजूत आहे. 1949 साली जागतिक बँकेने हिंदुस्थान सरकारला एक कोट डॉलरचे कर्ज दिले, ते मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने गिळलेली जमीन यंत्रांनी खोल नांगरून मोकळी करण्यासाठी. आपले यंत्र त्याच मोहिमेतले, हे आबा कोणासही शपथेवर सांगतील. पुरावा मागितल्यास ते बॉडीवरचा, रंगाच्या थरांखाली दिसेनासा झालेला नंबर दाखवितात आणि तो वाचता येत नाही हाच त्याच्या प्राचीनत्वाचा दाखला मानतात. त्या मोहिमेवरची यंत्रे याहून बरीच थोराड होती, असे एका सेवानिवृत्त ओव्हरसियरांनी भीत भीत सुचविले, तेव्हा आबा किंचितही विचलित न होता म्हणाले, "तवा ह्ये लहान असंल."

यंत्र सुरू करण्याचा विधी मात्र प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो. या डिझेल इंजिनाला जागे करण्यासाठी त्याच्या कुशीतच दोन सिलिंडरांचे पेट्रोलवर चालणारे एक छोटे इंजिन बसविलेले आहे. आबा त्याला 'बारकं' म्हणतात. बारक्यासाठी लागणारे पेट्रोल आबा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून, बाटलीवरच्या कागदी खुणांप्रमाणे, दोन मात्रा एवढेच ओततात. मग फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून हिसका. दोरी अर्थातच नवी नव्हे. ती विहिरीच्या रहाटावरून निवृत्त झालेली. बारके फटफट करू लागले की त्याचा धूर मोठ्या इंजिनाच्या हवेच्या नळीला ऊब देत बाहेर पडतो आणि दोघांचे पाणीही सामाईक असल्यामुळे थोरल्याचे अंग हळूहळू तापते. तेवढ्या वेळात आबा तंबाखू मळतात आणि क्लीनर पोराला 'घाई करणाऱ्याचं हेड क्रॅक हुतं' हा सिद्धान्त समजावून देतात. शेवटी दांडा पडतो, थोरले एक काळा लोट सोडते, आणि शेजारच्या अंगणातील वाळत घातलेले कपडे कोणीतरी धावत येऊन काढून नेते.

चेनच्या यंत्राचा निम्माअधिक खर्च त्याच्या पायांवर होतो, हे आबांइतके कोणी जाणत नाही. चेनच्या प्रत्येक कडीत पिन आणि बुश असते. स्प्रॉकेटचा दाता बुशच्या एकाच अंगाला घासत राहतो आणि ते अंग झिजले की शहाणा माणूस पिन-बुश अर्धा फेरा फिरवून कोरे अंग पुढे आणतो. सदऱ्याची विरलेली कॉलर उलटवून शिवून घेणाऱ्या पिढीत वाढलेल्या आबांना ही युक्ती कोणी शिकविण्याची गरजच नव्हती. पंचाईत झाली ती दुसरे अंगही झिजल्यावर. तालुक्याच्या प्रेसवाल्या मिस्त्रीने नव्या बुशांची यादी हाती ठेवली, आबांनी एक बुश उन्हाला धरून चहूबाजूंनी निरखले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "तिसरी बाजू न्हाई का निघत?" पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवताना गंज धरून क्लच चिकटू नयेत म्हणून ते दांडे ओढून बाभळीच्या खुंट्यांनी अडकवून ठेवतात, आणि तेल चढून क्लच घसरू लागले की रॉकेलने धुऊन काढतात. ते रॉकेल फेकले जात नाही. त्यानेच पुढे बोल्ट धुतले जातात, आणि नंतर गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून चोपडले जाते.

परंतु आबांच्या प्रतिभेचा खरा साक्षात्कार व्हावयाचा तर त्यांची लाल बासनातली वही पाहावी. सामान्य माणूस जमेच्या बाजूस मिळालेले पैसे लिहितो. आबा तेथे न गेलेले पैसेही लिहितात. 'नवी चेन न घेतल्यामुळे', 'इंजेक्टर पंप शहरात न पाठविल्यामुळे', 'फुटक्या पत्र्यावर पत्रा मारल्यामुळे', अशा सदरांखाली बाजारभावाने रकमा मांडलेल्या असतात आणि दर पाडव्यास त्यांची बेरीज होते. या हिशेबाने आबा पंचक्रोशीतले सर्वांत धनाढ्य गृहस्थ ठरतात; केवळ सोसायटीचा सचिव हा अरसिक मनुष्य असल्यामुळे कर्जाच्या दरखास्तीसोबत ही वही दाखल करून घेत नाही. या शिलकेतून मुलीच्या लग्नाचा खर्च भागवावा, असे काकूंनी एकदा सुचविले होते. आबांनी वही मिटली.

मागल्या उन्हाळ्यात भंगारवाला ट्रक घेऊन दारात आला. "आबा, काट्यावर घालू. किलोचा भाव तुमीच सांगा." आबांनी त्याला बसविले, चहा पाजला, भाव सांगितला, तो फिरवून घेतला, पुन्हा सांगितला, पाच टन लोखंडाचा गुणाकार दोघांनी जमिनीवर काडीने करून पाहिला आणि काकूंनी आतून देवाला हात जोडले. तेवढ्यात आबांची नजर ट्रकच्या हौद्याकडे गेली. कोठल्याशा मेलेल्या डी-फोरचे दोन रोलर तेथे पडले होते, आणि त्यांचे सील शाबूत होते.

ट्रक परत गेला तो दोन रोलरांनी हलका होऊन. "अहो, तो न्यायला आला होता ना?" एवढेच काकू म्हणाल्या. आबा वही उघडून बसले होते. खर्चाच्या बाजूस रोलरांची किंमत, जमेच्या बाजूस यंत्र न विकल्यामुळे वाचलेल्या यंत्राची किंमत, वजनी भावाने. आणि रोलरांचे निम्मे पैसे भंगारवाल्याने दिवाळीपर्यंत उधार ठेवल्यामुळे, तेही जमेस.